मुक्यांचा वकील

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे ३१:८, ९

ज्यांना आपले गाऱ्हाणे स्वमुखाने मांडता येत नाही त्यांच्या वतीने बोलावे, असा उपदेश लमुएल राजास त्याच्या मातेने केला. हा उपदेश अमेरिकेतील एका वकिलाच्या वाट्यास कसा आला तो वृत्तांत ऐका.

सिनसिनाटी शहरचे वकील रॉबर्ट बिलट हे रासायनिक कारखानदारांच्या बाजूने काम करीत. १९९८ साली वेस्ट व्हर्जिनियातील पार्कर्सबर्गनजीकचे शेतकरी विल्बर टेनंट चित्रफिती व छायाचित्रांची खोकी घेऊन त्यांच्या दारी आले. बिलट यांची आजी त्याच भागात राहत असे, एवढाच काय तो ऋणानुबंध. टेनंट यांच्या कुरणातील ओढ्याच्या वरच्या अंगास ड्यूपाँट कंपनीचा कचऱ्याचा खड्डा होता. ओढ्यास फेस येई, आणि तेथे चरणारी दीडशेवर गुरे मेली होती. ती तर अक्षरशः मुकी! ज्यांची बाजू घेऊन पोट भरत होते त्यांच्याच विरुद्ध बिलट यांनी १९९९ साली दावा लावला.

न्यायालयाच्या हुकुमाने कंपनीने लाखावर पाने धाडली. बिलट महिनोगणती जमिनीवर बसून ती तारीखवार लावीत होते. कळवळ्यासाठी आपण पुष्कळ प्रार्थना करतो. कागद वाचण्याची चिकाटी मागणारा मी तरी कोणत्याही प्रार्थनासभेत पाहिला नाही. त्या कागदांत आढळले की, टेफ्लॉनच्या कामी येणारे पीएफओए नावाचे द्रव्य जनावरांस अपायकारक असल्याचे कंपनीच्या संशोधकांस १९६१ सालीच कळले होते. पुढे तेच द्रव्य लोकांच्या पिण्याच्या पाण्यातही सापडले.

२००४ साली तडजोड झाली. ह्या द्रव्याने माणसांस रोग होतात की नाही, हे तीन शास्त्रज्ञांनी ठरवावे अशी तीत अट होती. सुमारे ६९,००० लोकांनी रक्त दिले. मग वर्षांमागून वर्षे गेली, तरी निर्णय येईना. रोगी विचारीत, आणि वकिलापाशी उत्तर नसे. लूकाच्या अठराव्या अध्यायातील विधवा न्यायाधीशाच्या दारी किती वेळ गेली हे शास्त्र सांगत नाही. येथे मात्र वर्षे मोजता येतात. २०१२ साली मूत्रपिंडाच्या कर्करोगासह सहा विकारांशी त्या द्रव्याचा संबंध संभवनीय ठरला. २०१७ साली साडेतीन हजारांच्या आसपास दाव्यांपोटी सुमारे ६७ कोटी डॉलर देण्याचे ठरले. दोष मात्र कबूल झाला नाही.

त्या विधवेस आपला न्याय पाहावयास मिळाला. विल्बर टेनंट २००९ सालीच वारले होते.