एकादशीचे पान आणि देवाची वाटणी

भाविक सज्जनहो, आज एका चुकीची कबुली देऊन निरूपणास आरंभ करतो. चूक आमची आहे, आणि ती भर कीर्तनात झालेली आहे.

गेल्या आषाढी वारीत सासवडच्या मुक्कामी एकादशीचे कीर्तन आमच्याकडे होते. दिवे घाट चढून आलेली मंडळी दमली होती, पण टाळाला जोर होता. बोलण्याच्या भरात आम्ही म्हणालो, "भगवंताने सृष्टीच्या आरंभी ज्या झाडाला जी जागा नेमून दिली, त्या जागी ते आजतागायत उभे आहे. आणि संतांच्या घरी देव इतका राबला की जनाईच्या जात्याशेजारी बसून त्याने मिरच्या कांडल्या!" लोकांनी माना डोलावल्या. आम्हालाही बरे वाटले.

कीर्तन संपले, फराळाची पाने मांडली. आमच्या दिंडीतल्या विणेकरीबुवांची नात कृषी महाविद्यालयात शिकते. ती वाढत होती. आमच्या पानाशी आली आणि हळूच म्हणाली, "महाराज, एक विचारू? ह्या पानातले देवाने इथे काय काय लावले होते?"

आम्ही म्हटले, "सगळेच की."

तशी ती बोटे मोडून सांगू लागली. "साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा, तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचाच. बटाटा पेरूच्या डोंगरातला. रताळे अमेरिकेतले, राजगिराही तिकडचा. मिरची मेक्सिकोच्या बाजूची. ह्यातली भगर तेवढी आपली. आणि महाराज, कोलंबस अमेरिकेला गेला १४९२ साली, वास्को द गामा कालिकतला आला १४९८ साली. मग जनाईच्या घरी देवाने मिरच्या कुठून आणल्या?"

आजूबाजूची माणसे आमच्या तोंडाकडे पाहू लागली. आम्हाला उत्तर येत नव्हते. उत्तर येत नाही असे म्हणण्याऐवजी आम्ही आवाज चढवून म्हणालो, "बाई गं, देवाच्या दारी तर्क चालवू नये!" चार माणसे हसली. पोरीने मान खाली घातली आणि पुढच्या पानाकडे गेली.

पंढरपुरात द्वादशीला विणेकरीबुवा आमच्याकडे आले. म्हणाले, "महाराज, पोर म्हणते पुढल्या वारीला मी यायची नाही. म्हणते, तिथे विचारलेले चालत नाही." एवढे बोलून म्हातारा गप्प बसला. सज्जनहो, तीन पिढ्यांची वारी त्या घरात आहे. ती आमच्या एका वाक्याने तुटू पाहत होती.

लहानपणी पाठशाळेत आम्ही तर्कसंग्रह घोकला. धुरावरून अग्नीचे अनुमान कसे करावे, हे मार खाऊन शिकलो. आणि तेच आम्ही एका मुलीला म्हणालो की तर्क चालवू नये! तेव्हा चातुर्मासात ठरवले की ह्या प्रश्नाचा अभ्यास करायचा. गावात वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांच्याकडून ग्रंथ आणले, जे कळेना ते त्यांना विचारले. जे पदरात पडले ते येथे मांडतो.

हा प्रश्न काही आमच्याच पानातून निघाला नाही. ख्रिस्ती देशांत तो अडीचशे वर्षांहून जुना आहे. देवाने सगळी झाडे निर्माण केली, हे खरे मानले, तर प्रत्येक मुलुखात झाडे वेगळी का? लिनीअस नावाचा स्वीडनचा थोर पंडित होऊन गेला. वनस्पतींना दोन शब्दांची शास्त्रीय नावे देण्याची जी पद्धत आज जगभर चालते, ती त्याने रूढ केली. तो श्रद्धाळू होता. १७४४ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात त्याने म्हटले की आरंभी विषुववृत्ताजवळ एकच बेट पाण्यावर होते आणि त्यावर एक उंच पर्वत होता. पायथ्याशी उष्ण देशांची झाडे, माथ्यावर बर्फातली झाडे, अशी सगळी सृष्टी तेथे होती. पुढे जमीन वाढली तशी ती जगभर पसरली. कल्पना सुंदर आहे. परंतु एका डोंगरावरून निघालेले बटाट्याचे रोप वाटेत कोठेही न रुजता थेट पेरूतच कसे जाऊन बसले, ह्याचे उत्तर तीत नाही.

पुढे अमेरिकेत हार्वर्डच्या विद्यापीठात दोन पंडितांचा वाद झाला. आगासीझ म्हणे, देवाने प्रत्येक जात जेथे सापडते तेथेच निर्माण केली. आम्ही सासवडला बोललो ते जवळजवळ हेच! दुसरे आसा ग्रे, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि निष्ठावंत ख्रिस्ती. त्यांना दिसले की जपानातली कितीतरी झाडे पूर्व अमेरिकेतल्या झाडांची सख्खी नातलग आहेत, आणि मधल्या पश्चिम अमेरिकेत मात्र तशी नाहीत. आपल्या सोनचाफ्याच्या कुळातली झाडे घ्या. ती पूर्व आशियात आहेत, पूर्व अमेरिकेतही आहेत. युरोपात मात्र त्यांचे दगड झालेले अवशेषच सापडतात. १८५९ साली ग्रे ह्यांनी सांगितले की पूर्वी उत्तरेकडे सलग एकच रान होते. हिमयुग आले, मधले रान मेले, दोन टोके उरली. दोघे भाऊ दोन गावी दिसले तर वडिलांचे घर एक होते असे आपण म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. आणि एवढे सांगूनही ग्रे ह्यांची देवावरची श्रद्धा ढळली नाही. जातीत बदल होत जातात हे मानूनही ईश्वर मानता येतो, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले.

आता कोणी म्हणेल, बी समुद्र कसे ओलांडील? डार्विनने हे घरी करून पाहिले. ८७ प्रकारचे बी त्याने खारट पाण्यात टाकले. २८ दिवसांनी त्यांतले ६४ प्रकार रुजले. काही तर १३७ दिवसांनीही जिवंत निघाले. १८८३ साली क्राकाटोआ बेटावर ज्वालामुखी फुटला आणि सगळे बेट राखेखाली गेले. तीन वर्षांनी ट्रॉइब नावाचा पंडित तेथे उतरला, तो राखेवर नेचे उगवलेले! पुढे गवत आले, मग झाडे आली, पन्नास वर्षांच्या आत रान झाले. वाऱ्याने, लाटेने, पाखराच्या पोटातून बी आले. आणि दूर कशाला जाता? आपल्या वारीच्या वाटेच्या दुतर्फा गाजरगवत माजलेले असते. ते अमेरिका खंडातले. १९५५-५६ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम नोंदले गेले. आज त्याने सारा देश व्यापला आहे. झाड नेमल्या जागी उभे राहते म्हणणाऱ्या आमच्या डोळ्यांसमोरूनच ते चालत गेले, आणि आम्हाला दिसले नाही.

गोरखचिंचेचेही तसेच. गोरक्षनाथांचे नाव घेतले की आपले हात जुळतात, कारण आपली परंपरा त्यांच्यापासून गहिनीनाथ, निवृत्तिनाथ अशी माउलीपर्यंत येते. पण त्यांच्या नावाचे हे झाड आफ्रिकेतून आलेले आहे. ह्या वंशाच्या सहा जाती मादागास्करात, एक आफ्रिकेत, एक ऑस्ट्रेलियात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासाने असा निष्कर्ष काढला की हा वंश मादागास्करात निपजला आणि सागराच्या प्रवाहाने इतरत्र पोचला. झाड परके ठरले म्हणून नाथांचे नाव खोटे झाले काय? लोकांनी परक्या झाडाला आपल्या गुरूचे नाव दिले, ही तर त्या लोकांची थोरवी.

कधी बी चालते, कधी जमीनच चालते. ग्लोसॉप्टेरिस नावाचे एक झाड कोट्यवधी वर्षांपूर्वी होते. त्याच्या पानांचे ठसे आपल्या विदर्भात कामठीच्या खडकांत सापडतात. तेच ठसे दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत आहेत. १९१२ साली कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती दक्षिण ध्रुवावरून परतताना थंडीने आणि भुकेने मेले. त्यांच्या घसरगाडीवर सुमारे १६ किलो दगड निघाले, आणि त्यांत हीच पाने होती. पाय उचलत नसतानाही त्यांनी ते ओझे टाकले नाही. ध्रुवावर आज बर्फ आहे, मग पान कोठून आले? कारण हे सारे भूखंड एकेकाळी एकत्र होते. त्या महाखंडाला नाव मिळाले ते आपल्या गोंडांच्या मुलुखावरून, गोंडवन. पुढे तो फुटला आणि आपला भारत उत्तरेकडे सरकत सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला टेकला. ज्या दिवे घाटात आपण माउलींच्या रथामागे धापा टाकत चढतो, तो काळा पाषाण त्या प्रवासात, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, तापलेल्या रसाच्या रूपाने वर आलेला आहे.

हे सारे वाचून आमची निष्ठा डळमळली का, असे विणेकरीबुवांनी विचारले. नाही. डळमळला तो आमचा आळस.

सज्जनहो, आपल्या आचार्यांनी हा प्रश्न मोठ्या रूपात फार पूर्वी घेतलेला आहे. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात शंका आहे: ईश्वराने जग केले तर जगात विषमता का? तो पक्षपाती ठरत नाही का? त्यावर भाष्यात पावसाचा दृष्टांत आहे. पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो. तरी साळीच्या शेतात साळ येते आणि जवाच्या शेतात जव. हा भेद पावसाने केलेला नाही, तो बीजाच्या अंगच्या शक्तीचा आहे. पावसावाचून काहीच उगवत नाही, आणि पाऊस म्हणजे काही बी नव्हे. ईश्वर तसा सर्वांचे साधारण कारण आहे. गीतेच्या नवव्या अध्यायातही भगवंतांनी आपले अध्यक्षत्व सांगितले आहे; चराचर प्रसवण्याचे काम प्रकृतीकडे दिले आहे. मग प्रकृती ते काम वाऱ्याकडून करवील, लाटेकडून करवील, पाखराकडून करवील, सरकत्या जमिनीकडून करवील. शेतकऱ्याने पेरले म्हणून पावसाचे उपकार कमी होत नाहीत. लाटेने नारळ वाहून नेला म्हणून नारायणाला काम उरले नाही, असे कोणी समजू नये.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. शंभर श्रुतींनी अग्नी थंड आहे असे म्हटले तरी ते प्रमाण होत नाही, असा आचार्यांचा गीताभाष्यात अभिप्राय आहे. जे डोळ्यांनी कळते ते सांगायला श्रुती आलेली नाही. मिरची कोणत्या साली आली हे वेदाला विचारायचे नसते, आणि जीवाला विश्रांती कोठे मिळते हे मिरचीला विचारायचे नसते.

येथे एक इशारा देतो, कारण आमचे काही कीर्तनकार बंधू उलट्या बाजूने घसरतात. भागवताच्या पाचव्या स्कंधात सप्तद्वीपे आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना झाडाझुडपांचीच नावे आहेत: जंबू, प्लक्ष, शाल्मली, कुश, शाक, पुष्कर. अशा प्रत्येक द्वीपाला त्याची वनस्पती. ते वाचताना आनंद होतो. परंतु एवढ्यावरून आमच्या पुराणात सगळे वनस्पतिशास्त्र होते, असे ओरडू नये. ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा आहे, म्हणून मोठ्या काळाचे आपल्याला भय वाटत नाही, एवढेच खरे. त्यावरून पृथ्वीचे वय आम्ही आधीच मोजले होते अशी फुशारकी मारली, तर आम्ही सासवडला केले तेच पुन्हा केले.

असो. कार्तिकीच्या आधी आम्ही विणेकरीबुवांच्या घरी गेलो. पोरीला समोर बसवले, हे सगळे सांगितले आणि म्हणालो, "बाई, तू बरोबर होतीस. जनाईच्या काळी तिखटाला मिरे होते. मिरची हे नावदेखील मिऱ्यावरून पडलेले. आमचे चुकले."

तिने शांतपणे ऐकले. मग म्हणाली, "महाराज, हे तुम्ही मला एकटीला सांगता. पण हसले होते ते सगळ्यांसमोर."

ह्यावर बोलायला काय राहिले? कार्तिकी एकादशीला पंढरपुरात आमच्या फडावर कीर्तन झाले, त्यात आम्ही मंडळीसमोर चूक कबूल केली. ती मागे बायांत बसली होती. पुढल्या वारीला येणार का, हे आम्ही विचारले नाही. तो तिचा आणि विठ्ठलाचा विषय.

आता वाचकहो, घरी एकादशीचे पान वाढाल तेव्हा क्षणभर त्याकडे पाहा. पेरूचा डोंगर, मेक्सिकोचे शेत, दक्षिण अमेरिकेचे रान त्या पानात उतरले आहे. देवाच्या गळ्यात तुळस आपल्या भूमीची असते, तिच्या शेजारी झेंडू मेक्सिकोचा असतो, आणि विटेवरचा तो दोघांनाही सारखा मिरवतो. तुकोबारायांनी झाडावेलींशी नाते जोडले, तेव्हा कोण कोठून आले ही चौकशी केली नव्हती. आपण ती चौकशी अवश्य करावी, कारण सोयऱ्याचे गाव माहीत असावे. पण पंगतीतून कोणाला उठवू नये. झाडाला नाही, आणि प्रश्न विचारणाऱ्या लेकरालाही नाही.

राम कृष्ण हरि.