टोप, गंगावन आणि आठवी आज्ञा



लग्न जमवताना मुलाचे टक्कल टोपाखाली झाकले किंवा मुलीच्या विरळ केसांना गंगावन जोडले, तर ती आठव्या आज्ञेविरुद्धची लबाडी ठरते का? हा प्रश्न आम्हाला हसण्यावारी नेता येत नाही.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी एक भेद केला. नसलेले सौंदर्य भासवणे वेगळे. आजारासारख्या कारणाने आलेले व्यंग झाकणे वेगळे. दुसऱ्याला त्यांनी मुभा दिली. मग आनुवंशिक केसगळती कशात मोडते? डॉक्टर तिच्यावर उपचार करतात, म्हणून आम्ही ती दुसऱ्यात धरतो. बाजारात टोप घालून फिरणारा कोणालाच फसवत नाही.

पण जोडीदाराचे तसे नाही. मिनॉक्सिडिल थांबवले की काही महिन्यांत आलेले केस पुन्हा गळतात. म्हणजे औषध कायमचे, खर्चही कायमचा. फिनास्टेराइडने काही पुरुषांची कामेच्छा कमी होते, आणि गरोदर स्त्रीने त्याची फुटलेली गोळी हाताळूही नये. इथे प्रश्न केसांचा उरत नाही, संसाराचा होतो. हे लपवू नये.

केसरोपणाची घाईही नको. २०१९ मध्ये मुंबईत त्यानंतर एका उद्योजकाचा मृत्यू झाला. नुसते व्हिडिओ पाहून ही शस्त्रक्रिया शिकता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ मध्ये सांगावे लागले!

आणि झाकायला लावतो कोण? मुलाच्या टकलावर आपण विनोद करतो, मुलीला मात्र नकार कळवतो. आपल्या नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांनीही हे स्वतःला विचारावे.

साखरपुड्याआधी दोघांनी मोकळेपणाने बोलावे. अडचण वाटल्यास मिस्सानंतर आम्हाला भेटावे.