ही बोटं कुणाची?

तुझं लिंक्डइनचं पान पाहिलं. कुणाच्या तरी हळदीतला फोटो. डोक्यावर फेटा, कपाळावर टिळा, डोळ्यांवर काळा गॉगल आणि डाव्या खांद्यावर कुणाचा तरी हात. हाताच्या मालकाला तू कापून टाकलंस, बोटं मात्र तशीच राहिली. कुणाची रे ती? मावसभावाची की बँडवाल्याची? आणि फोटोखाली काय लिहिलंयस? ‘डेटा अ‍ॅनालिस्ट. बारकाव्यांकडे विशेष लक्ष.’ वा! स्वतःच्या खांद्यावरची चार बोटं ज्याला दिसली नाहीत, त्याला कंपनीच्या लाखभर नोंदींमधली एक चूक दिसेल, हे समोरच्यानं कशाच्या भरवशावर मानायचं?

ज्याला येत नाही, त्याच्यावर मी कधी आवाज चढवत नाही. त्याला शेजारी बसवून शिकवतो. ज्याला सगळं येतं आणि तरी जो करत नाही, त्याला मात्र सोडत नाही. तू कुठल्या बाकावरचा, ते तूच सांग.

मला कळलंच नाही, असं म्हणायची सोय तुला नाही. स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरताना फोटो किती केबीचा, मागचा रंग कुठला, सही कुठल्या चौकटीत, हे तू तीनतीनदा वाचतोस. अर्ज बाद होईल या धास्तीनं सायबर कॅफेवाल्याचं डोकं खातोस. आईनं लग्नाच्या बायोडेटाचा नुसता विषय काढला, तर साहेब दुसऱ्या दिवशी स्टुडिओत हजर. निळा शर्ट, कडक इस्त्री, दाढी नीट कोरलेली. तिथे फोटो कसा हवा, हे तुला कुणी शिकवलं होतं? कुणीही नाही. गरज वाटली, अक्कल आपोआप सुचली. मग नोकरीच्या पानावर हळदीतला उरलासुरला फोटो का? कारण इथे अर्ज बाद झाल्याचं कुणी कळवत नाही. पान उघडणारा उघडतो, बघतो आणि पुढच्या नावाकडे जातो. तुला पत्ताही लागत नाही. आणि पत्ता लागत नाही, म्हणून तू समजतोस की सगळं आलबेल आहे.

आता तुझी कारणं घेऊ. पाठ झाली आहेत मला.

‘सर, माझं काम बोलेल.’ कधी बोलेल? कुणी ऐकायला बसलं तर ना? २००६ साली प्रिन्स्टन विद्यापीठात जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी लोकांना अनोळखी चेहरे दाखवले, तेही सेकंदाचा फक्त दहावा भाग. तेवढ्यात लोकांनी ठरवून टाकलं की हा माणूस भरवशाचा आहे का, कामाचा आहे का. जास्त वेळ दिला तेव्हा मत फारसं बदललं नाही. आपलंच खरं, ही खात्री तेवढी वाढली. हा न्याय आहे का? अजिबात नाही. चेहऱ्यावरून माणसाची लायकी कळत नाही, हे मी वर्गात शंभरदा सांगितलंय. पण लोक इतक्या घाईनं मत बनवतात हे ठाऊक असताना तू त्यांच्यासमोर काय ठेवलंस? गॉगल!

‘अमेरिकेत रिझ्युमेवर फोटो लावत नाहीत, सर.’ बरोबर, शाबास. का लावत नाहीत, तेही वाचलंस का? १९६४च्या नागरी हक्क कायद्यानं वंश, वर्ण, धर्म, लिंग बघून नोकरीत डावं-उजवं करायला तिथे बंदी आली. तिथला समान रोजगार संधी आयोग मालकांना सांगतो की अर्जदाराकडे फोटो मागू नका. चेहरा बघून दार बंद करणारे लोक असतात, म्हणून ही काळजी. तत्त्व चांगलं आहे, माझा मुजरा आहे त्याला. पण ते रिझ्युमेसाठी आहे. लिंक्डइनवर तिथलीच माणसं स्वतःचा नीटनेटका फोटो लावतात. आणि तू अर्ज कुठे करतोयस? हिंजवडीत. बरं, तत्त्वच पाळायचं असेल तर पाळ की! फोटो काढून टाक, चौकट कोरी ठेव. मी एक शब्द बोलणार नाही. तुझ्या पानावर फोटो आहे, म्हणून तर बोलतोय. फेट्यातला फोटो लावायचा आणि तोंडानं अमेरिकेचा कायदा सांगायचा, ही कुठली रीत?

मग तू इतिहासात शिरलास. ‘लिंक्डइन २००३ साली सुरू झालं तेव्हा फोटोची सोयच नव्हती. ती २००७ मध्ये आली. त्याआधी लोकांना नोकऱ्या मिळतच होत्या ना?’ माहिती खरी आहे. शोधायला किती वेळ लागला? अर्धा तास? म्हणजे फोटो का लावू नये, हे शोधायला तुझ्याकडे अर्धा तास आहे, आणि फोटो काढायला दहा मिनिटं नाहीत. ही हुशारी कामाला लावलीस तर कुठल्या कुठे जाशील. तू ती पळवाटा खणायला वापरतोस.

‘मी फोटोत चांगला दिसत नाही.’ कारण तू सेल्फी काढतोस. २०१८ साली प्लास्टिक सर्जरीच्या एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टरांनी गणित मांडून दाखवलं की पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या मानानं बारा इंचांवरच्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं. तुझं नाक ठीक आहे. हात आखूड आहे. कुणाला तरी फोन दे आणि लांब उभं कर, एवढंच. आणि चांगलं दिसायला सांगितलंय कुणी? ओळखू येण्याइतका दिस, पुरे.

परवा मी चिडलो, तर तू दुसरा फोटो पाठवलास. कोट, टाय, मागे काचेचं उंच ऑफिस, गाल लोण्यासारखे. अ‍ॅपनं बनवून दिला म्हणे. कोण हा? भुवईवरची टाक्यांची खूण कुठे गेली? उद्या व्हिडिओ मुलाखतीत कॅमेरा सुरू होईल, तेव्हा समोरचा आधी पानावरच्या गृहस्थाला शोधेल आणि मग तुझ्याकडे बघेल. पहिल्याच मिनिटाला तुझ्यावर संशय. हवाय कशाला? फोटोत तूच दिसला पाहिजेस, हा लिंक्डइनचाही नियम आहे. सूर्यास्त, वाघ, कंपनीचा लोगो यातलं काहीच चालत नाही. तुझ्या मित्रालाही हेच सांग. त्यानं छत्रपतींचं चित्र लावलंय. महाराजांवर श्रद्धा आहे ना? मग तसबीर घरात लाव, रोज हात जोड. नोकरी त्याला हवी आहे. महाराजांना मध्ये कशाला उभं करतो?

राहता राहिली ‘प्रायव्हसी’. तुझ्याच वर्गातल्या एका मुलीचा फोटो अनोळखी माणसाला दिसत नाही. नको ते मेसेज यायला लागले, तेव्हा तिनं सेटिंग उघडलं, नीट वाचलं आणि फोटो फक्त जोडलेल्या लोकांनाच दिसेल असं करून टाकलं. तिला मी काही बोललो का? उलट कौतुक केलं. तिनं विचार केला, मग ठरवलं. तू काहीच ठरवलं नाहीस. फोनमध्ये जे पहिलं हाताला लागलं ते चिकटवलंस, आणि कुणी हटकल्यावर त्या आळसाला प्रायव्हसी म्हणायला लागलास. तुझं इन्स्टाग्राम सगळ्या जगाला खुलं आहे. कळंगुटच्या किनाऱ्यावर उघड्या अंगानं उड्या मारताना कुठे गेली होती प्रायव्हसी?

खरं दुखणं फोटोचं नाहीच, आणि तुला ते माहीत आहे. जिथे कुणी तपासत नाही, तिथे तू काम अर्धवट सोडतोस. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आठव. पावसाच्या नोंदींवर इतकं सुंदर काम वर्गात दुसऱ्या कुणी केलं नव्हतं. आणि अहवालाला पानांचे क्रमांक नव्हते! परीक्षक पानं उलटत बसले आणि तू बाजूला उभा राहून ‘मुख्य काम बघा ना सर’ म्हणत होतास. मुख्य कामापर्यंत माणसाला नेऊन पोचवणं, हेही तुझंच काम आहे. ते दुसरं कोण करणार? चार वर्षं रात्री जागवून जे कमावलंस, ते दहा मिनिटांच्या कंटाळ्यापायी मातीमोल करतोस, याचा मला संताप येतो.

आता ऐक. पुन्हा सांगणार नाही.

उद्या सकाळी खिडकीकडे तोंड करून उभा राहा. उजेड चेहऱ्यावर हवा, पाठीमागून नको. मागे कोरी भिंत. कॅलेंडर नको, वाळत घातलेले कपडे नकोत, फ्रिज नको. धाकट्या बहिणीला पाच फुटांवर उभं कर. फोनचा मागचा कॅमेरा, तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर. आधी काच पूस, तिच्यावर वर्षभराचे ठसे आहेत. डोकं आणि खांदे यावेत, चेहऱ्यानं निम्म्याहून थोडी जास्त चौकट भरावी. कोपरे गोल कापले जातात, तेवढी जागा सोड. रोजचा नंबरचा चष्मा असेल तर राहू दे. गॉगल कपाटात. लेन्सकडे बघ. हसू आलं तर येऊ दे, नाही आलं तर दात विचकू नकोस. वीसेक फोटो काढ आणि निवडायला आईकडे जाऊ नकोस, तिला वीसच्या वीस आवडतील. बहिणीला विचार. ती खरं बोलेल, आणि तुला झोंबेल.

आणि फोटो लागला म्हणजे नोकरी लागली, अशा भ्रमात राहू नकोस. चांगल्या फोटोनं एवढंच होतं, की पान उघडणारा क्षणभर थांबतो आणि खालचं वाचतो. तुझ्या पानावर खाली काय वाचायचं त्यानं? ‘अबाउट’ रिकामं आहे. प्रोजेक्टची लिंक उघडत नाही. इंटर्नशिपमध्ये काय केलंस, याची एक ओळ नाही. फोटो उद्या, लिंक परवा, बाकीचं रविवारच्या आत. रविवारी संध्याकाळी मी स्वतः बघणार आहे.

आता ‘हो सर’ म्हणून अंगठ्याचं चित्र पाठवू नकोस. ते तू गेल्या महिन्यातही पाठवलं होतंस. तो निळा शर्ट काढ आणि इस्त्री तापत ठेव.