गुणतक्ता आणि न्याय

सैन्याच्या शारीरिक चाचणीत गुण दोन रीतींनी ठरतात. काही बाबींत जमले की नाही एवढेच पाहतात, काहींत किती जमले ते मोजतात. भारतीय लष्कराच्या अग्निवीर भरतीत दोन्ही रीती एकाच मैदानावर दिसतात. नऊ फुटी खड्डा उडी मारून ओलांडणे आणि झिगझॅग बॅलन्सवरून तोल न जाता जाणे यांना गुण नाहीत. दहा फूट उडी मारली म्हणून पदरात जास्त काही पडत नाही. १.६ किलोमीटरची धाव आणि बीमवरचे पुलअप मात्र मिळून १०० गुणांचे. साडेपाच मिनिटांपर्यंत येणाऱ्याला ६०, त्यापुढच्या १५ सेकंदांत येणाऱ्याला ४८. दहा पुलअपना ४०, नऊंना ३३, आठांना २७, सातांना २१, सहांना १६. सहासुद्धा जमले नाहीत तर उमेदवार बाद.

हा तक्ता वरवर हिशेबाचा वाटतो, पण त्यात मूल्यनिर्णय दडलेले आहेत. ५ मिनिटे ३० सेकंदांत धाव संपवून नऊ पुलअप काढणाऱ्याचे गुण ९३ होतात. एका सेकंदाने मागे राहून दहा पुलअप काढणाऱ्याचे ८८. धावेतला तो एक सेकंद १२ गुणांचा, म्हणजे नवावरून सातावर घसरण्याइतका महाग. दम आणि दंडातली ताकद या दोन वेगळ्या गोष्टी एकाच नाण्यात मोजायच्या तर त्यांचा परस्पर भाव कोणीतरी ठरवावा लागतो. तो भाव शरीरशास्त्र सांगत नाही. सैन्याला काय हवे आहे, यावर तो ठरतो.

एका सेकंदाची तक्रार फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात मिलेटसच्या युब्युलिडीसच्या नावावर असलेला ढिगाचा पेच असा: ढिगातला एक दाणा काढल्याने ढीग नाहीसा होत नाही, मग एकेक दाणा काढत गेल्यास ढीग नेमका कधी संपतो? दमदार आणि दमाला कमी यांच्यातही अशी निसर्गदत्त रेघ नाही. तरी मुदत संपली की धावपट्टीवर दोरी आडवी धरावीच लागते, नाहीतर चाचणी कधी संपणारच नाही. रेघ असणे मनमानी नव्हे, ती अमुकच जागी असणे मात्र बरेचसे मनमानी असते. पूर्वी पावणेसहा मिनिटांनंतर येणारा बाद होई. २०२५ च्या भरतीत आणखी दोन गट जोडून सव्वासहा मिनिटांपर्यंत वाट मोकळी केली गेली. ५ मिनिटे ५० सेकंदांत धावणाऱ्याचे पाय तेच राहिले, तो नापासाचा पास झाला.

याहून अवघड प्रश्न कोणाला कोणाशी तोलायचे हा आहे, आणि तो अमेरिकी लष्कराने जितका जाहीरपणे हाताळला तितका क्वचितच कोणी हाताळला असेल. १९८० पासून सुमारे चार दशके तिथे पुशअप, सिटअप आणि दोन मैलांची धाव अशी ३०० गुणांची चाचणी होती. प्रत्येक बाबीत किमान ६० गुण हवेत. एकीतली उणीव दुसरीत भरून निघत नसे. तक्ते वय आणि लिंगानुसार वेगळे होते. १७ ते २१ या वयोगटात ४२ पुशअप काढणारा पुरुष ६० गुणांवर जेमतेम तरे. तेवढेच पुशअप काढणाऱ्या स्त्रीला पूर्ण १०० मिळत. सिटअपचा तक्ता मात्र दोघांना एकच होता.

या ४२ पुशअपना दोन उत्तरे देणारा तक्ता अन्यायी का? ते विचारलेल्या प्रश्नावर अवलंबून आहे. आपल्या शरीराच्या आवाक्यापैकी माणसाने किती कमावले, हा प्रश्न असेल तर वेगळे तक्तेच न्याय्य. जखमी सैनिकाला ओढून नेता येईल का, हा प्रश्न असेल तर जखमीचे वजन ओढणाऱ्याचे वय किंवा लिंग पाहून कमी होत नाही. ॲरिस्टॉटलच्या मते वाटप योग्यतेच्या प्रमाणात व्हावे हे सर्वांनाच मान्य असते, भांडण योग्यता कोणती यावर असते. उत्तम बासरी उत्तम वादकाला द्यावी, कुलीनाला नव्हे, असे तो म्हणतो. पण त्याआधी बासरी वाजवण्यासाठी आहे हे ठाऊक असावे लागते. चाचणी कशासाठी, हेच अमेरिकेत पक्के होत नव्हते. सहा बाबींच्या नव्या चाचणीच्या मूळ आराखड्यात वय-लिंग वगळून कामाच्या स्वरूपानुसार तीन पातळ्या ठेवल्या होत्या. २०२२ मध्ये पुन्हा वय-लिंगाचे तक्ते आले. २०२५ मध्ये पाच बाबींच्या ५०० गुणांच्या चाचणीत दोन्ही प्रश्न वेगळे काढले गेले: लढाऊ कामांसाठी स्त्री-पुरुषांना एकच तक्ता आणि किमान ३५० गुण, इतरांसाठी किमान ३०० गुण व लिंगानुसार तक्ते. वयाची सवलत मात्र दोन्हीकडे कायम राहिली. लढाईचे ओझे वय पाहून हलके होत असल्यासारखी ही विसंगती आहे. अनुभवी सैनिक गमावणे परवडत नाही, हे तिचे व्यवहारी उत्तर असू शकते, न्यायाचे नव्हे.

तक्ता निर्दोष झाला तरी एक प्रश्न उरतो. बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १९६२ च्या समतेवरील निबंधात एक समाज कल्पिला आहे. तिथे योद्ध्यांचा मान मोठा आणि तो पूर्वी श्रीमंत घराण्यांनाच मिळे. सुधारकांनी भरती सर्वांसाठी खुली केली, निवड शारीरिक स्पर्धेने होऊ लागली. तरी योद्धे श्रीमंतांचेच निघत राहिले, कारण बाकीच्यांना पोटभर अन्नच नव्हते. नियम कोणाला अडवत नव्हता, संधी मात्र समान झाली नव्हती. मोजणी कितीही काटेकोर केली तरी धावपट्टीवर येण्याआधीच्या अठरा वर्षांची भरपाई गुणतक्त्यातून होत नाही. अग्निवीर भरतीत २०२३ पासून क्रमही उलटला आहे: आधी संगणकावरची लेखी परीक्षा, मग मैदान. त्यामुळे साडेपाच मिनिटांच्या आत धावू शकणारा पण शाळेत मागे पडलेला उमेदवार आता त्या दोरीपर्यंत पोहोचतच नाही.