घड की बाळी?

द्राक्षपट्ट्यात वाढलेल्या पोरांना एक वाक्य जन्मभर ऐकावं लागतं: ‘छाटल्याशिवाय वेल फळत नाही.’ अभ्यासात मागे पडलात तर मास्तर ते ऐकवतात, हातातला मोबाईल काढून घेताना आई ऐकवते. यंदा आमच्या घरात ते माझ्या चुलत बहिणीला ऐकवलं गेलं. ती बारावी पास झाली आहे, सांगलीला राहून बी.एस्सी. करायचं म्हणते. काकांचं म्हणणं, चांगलं स्थळ आलंय, शिक्षण इथं थांबवू. शेवटी ठरलेलं वाक्य: ‘तुझ्याच भल्यासाठी बाळ, छाटल्याशिवाय वेल फळत नाही.’

यातल्या वेलीबद्दल मला थोडं बोलायचं आहे, कारण एक वेल माझ्या घरात आहे.

जतमधल्या आमच्या घराला मागं पडवी आहे. वर पारदर्शक फायबरचा पत्रा, दोन बाजूंना शेडनेट. विलायतेत अशा जागेला काचघर म्हणत असतील, आमच्यासाठी ती पडवीच. पाच वर्षांपूर्वी बागेच्या छाटणीत बांधावर टाकलेली एक काडी मी तिथं कोपऱ्यात खोचली. ती जगली. इथं पाऊस कमी, उन्हाळ्यात गावोगाव टँकर फिरतात, म्हणून तिच्या वाट्याला तांदूळ आणि भाजी धुतलेलं पाणी. मी तिला आजवर कात्री लावलेली नाही.

बागेतल्या वेलीचं आयुष्य वेगळं असतं. तिची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी: ओलांड्यावर एखाद-दुसरा डोळा ठेवून बाकी सगळं साफ. उन्हाळ्यात नव्या काड्या येतात आणि त्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड आतल्या आत तयार होतात. ऑक्टोबरच्या आसपास फळ छाटणी. त्यानंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट लावतात. मणी लांब आणि टपोरा व्हावा म्हणून जीए, घड मोकळा राहावा म्हणून विरळणी. थंड मुलखात वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते आणि वसंतात आपली आपण उठते. आमच्याकडे तेवढी थंडी नाही, म्हणून तिला झोपवणं-उठवणं माणसाच्या हातात आलं.

मग माझ्या न छाटलेल्या वेलीचं काय झालं? ती मेली नाही, आजारीही पडली नाही. पत्र्याखालून पसरत ती शेडनेटच्या पार टोकाला गेली. तिला घड लागतात ते चार-दोन, बारीक मण्यांचे. घडांच्या जागी बहुतेक ठिकाणी बाळी येते. बाळी म्हणजे तो स्प्रिंगसारखा वळणारा तंतू, ज्यानं वेल आधार पकडते.

आता खरी गंमत ऐका. वनस्पतिशास्त्र सांगतं की घड आणि बाळी मुळात एकाच कोंभापासून होतात. डोळ्याच्या आत तो कोंभ आधी काहीच ठरवत नाही. ऊन, अन्नसाठा आणि वेलीतली संप्रेरकं यांवर तो घड होणार की बाळी, ते ठरतं. सायटोकायनिन जास्त असेल तर कल घडाकडे, जिबरेलिन जास्त असेल तर बाळीकडे. बागायतदार कपाळाला हात लावून म्हणतो, ‘घड जिरला, बाळी झाली.’ त्याचं दुःख खरं आहे, त्याच्या डोक्यावर कर्ज आहे. पण वेलीच्या बाजूनं बघितलं तर काही जिरलेलं नाही. तिला वर चढायला एक हात मिळाला.

म्हणजे ते वाक्य चुकीचं नाही, अर्धवट आहे. छाटल्याशिवाय वेल फळत नाही, म्हणजे *आपल्याला हवं तसं* फळत नाही. हे शब्द गाळले की आपली गरज वेलीचं भलं होऊन बसते.

यावर कुणी म्हणेल, छाटलेली वेल जास्त जगते, त्याचं काय? मुद्दा रास्त आहे. लंडनजवळ हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात काचघरात एक द्राक्षवेल आहे. ती 1768 साली लावली गेली, नेमानं छाटली जाते आणि आजही फळते. पण तिच्याबद्दल आणखी एक गोष्ट कमी सांगितली जाते: काचघराबाहेरचा जमिनीचा मोठा तुकडा तिच्या मुळांसाठी रिकामा ठेवलेला आहे. तिथं दुसरं काही लावत नाहीत. वर कात्री चालवणाऱ्यांनी खाली तिची जमीन सोडली आहे. आपल्या घरांत कात्री सगळ्यांच्या हातात असते. जमीन सोडायची वेळ आली की कुणी पुढं येत नाही.

छाटू नका, असं मी म्हणत नाही. द्राक्षावर घर चालणाऱ्या माणसाला ते सांगणं म्हणजे चेष्टा होईल. शेतकऱ्यानं छाटावं आणि सरळ सांगावं की मला पैसे हवेत. त्यात लाज नाही. काकांनीही सरळ सांगावं की मला काळजी वाटते, शहराची भीती वाटते, लोक काय म्हणतील याची धास्ती आहे. त्या भीतीशी बोलता येतं, तिच्यावर वाद घालता येतो. ‘तुझ्या भल्यासाठी’ या शब्दांशी वाद घालता येत नाही, कारण समोरचा लगेच कृतघ्न ठरतो.

आणि काकांना फळाचाच हिशेब हवा असेल तर तोही आहे. सांगलीच्या बागांनी ज्याच्यावर पैसा कमावला तो तास-ए-गणेश वाण तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेसमधून निवडला. निवडायला आधी बघावं लागतं. इतरांपेक्षा वेगळी वाढणारी वेल दिसली की तिला सरळ न करता थोडं थांबावं लागतं.

वेलीला आणि माणसाला एका मापानं मोजण्यात एक अडचण शेवटी उरतेच. कात्री जवळ आली तर वेल ‘नको’ म्हणू शकत नाही. माझी बहीण म्हणू शकते आणि ती म्हणते आहे. प्रवेशाच्या अर्जाला अजून थोडे दिवस आहेत. उद्या काकांकडे जाऊन मी एवढंच विचारणार आहे: तिला फळायचं आहे की चढायचं आहे, हे तिला कुणी विचारलं का?