भाऊबिजेचे एकावन्न

घराचं कर्ज ८ लाखांचं, ९ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी. हप्ता ७,१९८ रुपये. पहिल्या हप्त्यातले ६,००० नुसते व्याजाचे. मुद्दल फिटलं १,१९८. हे कळलं त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. लहानपणी दादांच्या दारात जप्ती आलेली मी पाहिली होती.

मग वही मांडली. चहापुडीपासून एसटीच्या तिकिटापर्यंत सगळं टिपायचं. महागाई भत्त्याचा फरक, कांद्याची पट्टी, हाती येईल ते मुद्दलात. अकराव्या वर्षी बँकेचा निल दाखला आणून देवापुढं ठेवला. गावात मास्तरांचं कौतुक झालं. मलाही ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

परवा ती वही चाळत होतो. ‘भाऊबीज, ताई – ५१’. अकराही दिवाळ्यांना तोच आकडा. पगार वाढला, साखर वाढली, ५१ जागचे हलले नाहीत. एका वर्षी दाजींचं ऑपरेशन होतं, तेव्हाही. तिनं मागितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारलं असतं तर द्यावं लागलं असतं.

काटकसर मी केली, असं सांगत आलो. तिच्या वाटची काटकसर करायचा हक्क मला कुणी दिला? बरं, हप्ते थकून घर गेलं असतं, तर तिला माहेर तरी कुठं उरलं असतं? दोन्ही खरं वाटतं, आणि दुसरं जरा सोयीचं वाटतं.

यंदा पाकिटात ५,००० घातले. ताईनं उघडून पाहिलं, परत माझ्या खिशात कोंबलं.

“एवढे कशाला रं? जेव आधी.”