जुनी गाडी आणि नवा ब्रेक

लोणारच्या सरोवराचें पाणी २०२० च्या जूनमध्यें गुलाबी झालें, म्हणून तें सरोवर लोणारचें नव्हे असें कोणी म्हटलें नाहीं. त्याच गांवीं एखाद्यानें जुन्या पिकअपचा मागचा ॲक्सल काढून डिस्क ब्रेकचा बसविला, तर मात्र गाडी मूळची राहिली काय, असें रसिक विचारतील. नागसेनानें मिलिंद राजास हाच पेंच घातला होता. चाक म्हणजे रथ नव्हे, आंसही रथ नव्हे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनीं पन्नास वर्षांवरील गाडीस 'विंटेज' म्हणतांना सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार नसावा अशी अट घातली. म्हणजे गाडीचें स्वत्व कोठें वसतें, हें शासनासही ठरवावें लागलें!

आमच्या मतें खरा प्रश्न स्वत्वाचा नाहींच. ब्रेक मालकासाठीं जितका, तितकाच रस्ता ओलांडणाऱ्या पोरासाठीं. आणि त्या पोरास पुरातनाचें कौतुक नसतें. ड्रम बंदिस्त, म्हणून लांब उतारावर तापून त्याची पकड ढिली होते. डिस्क उघडी, ती वाऱ्यानें निवते. तरीही नवा ॲक्सल घालणें हेंच कर्तव्य, असें आम्ही म्हणणार नाहीं. ब्रेक दाबतांच भार पुढें झुकतो व थांबविण्याचें बहुतेक काम पुढचीं चाकें करतात. पुढें जुने ड्रम ठेवून मागेंच डिस्क बसविली आणि दाबाचें प्रमाण जुळविलें नाहीं, तर मागचीं चाकें अगोदर अडकून गाडी आडवी फिरावयाची. परक्या जिवाची ज्यास काळजी आहे, त्यानें आरंभ पुढून करावा. केवळ चकाकणाऱ्या तबकडीचा संतोष हवा असेल, तर गोष्ट निराळी. आणि हँडब्रेकची दोरी नव्या ॲक्सलास जुळते कीं नाहीं, तेंही पाहावें. चढावर उभी केलेली गाडी तिच्याच भरंवशावर असते.